झाडाखाली उठून धावलेली बाई

बुआलुआंग तळ्याकाठी, पट्टलुंग
बुधवार

प्रिय कोपताई,

पाकीट पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. मोबाईलवर मी काहीही लिहिलं की तू हात जोडणाऱ्या अस्वलाचं चित्र पाठवतेस आणि आपलं संभाषण तिथेच निर्वाण पावतं. पत्राला अस्वलाने उत्तर देता येत नाही, म्हणून हा जुना मार्ग. बर्फाची कॉफी करून घे आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच रागावून फेकू नकोस, कारण रागवण्यासारखा मजकूर सगळा शेवटी आहे. आपल्या आईचं मला नेहमी नवल वाटतं. जन्मदाखल्यावर अरुणवती आणि विलासिनी अशी भारदस्त नावं लिहवून आणायची, आणि घरी आल्या आल्या, भुतांनी पळवून नेऊ नये म्हणून एकीला बेडूक आणि दुसरीला डुक्कर म्हणायचं! आपल्या बोलीत कोप म्हणजे बेडूक, मू म्हणजे डुक्कर. संस्कृतात कोप म्हणजे राग. आईला संस्कृतचा गंधही नव्हता, पण तुझ्या बाबतीत तिचा शब्द दोन्ही भाषांत खरा ठरला. माझ्या बाबतीत एकाच भाषेत ठरला, आणि तेवढा पुरेसा आहे.

तर मुद्दा असा की मला तू इथे, या तळ्यावर हवी आहेस. तुझी मोटारसायकल घसरली त्याला दोन वर्षं होतील. दवाखान्यातून तू आलीस तेव्हा पाय गेले होते, पण जीभ शाबूत होती, ती डॉक्टरांपासून परिचारिकांपर्यंत सगळ्यांना पुरून उरली होती. त्यामुळे मला फारशी काळजी वाटली नाही. काळजी वाटायला लागली ती विहारातल्या त्या सकाळपासून. फुलं विकणाऱ्या बाईने तुझ्या मांडीवर हात ठेवून केवढ्या मायेने विचारलं होतं, "मागच्या जन्मी कोंबड्यांचे पाय मोडले होतेस का गं?" शिट्टी वाजवून अख्ख्या शाळेला पळवणारी खेळाची बाई तू. मला वाटलं, आता या फुलवालीची धडगत नाही. तू काहीच बोलली नाहीस. खुर्ची वळवायला सांगितलीस. तेव्हापासून हाटयाईच्या त्या घरात पुढच्या दुकानापासून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत एवढाच तुझा देश. नववर्षाला मी फोनवर म्हणाले, आमच्या तळ्यावर आता फळ्यांची वाट बांधली आहे, खुर्ची सरळ आत जाते, तू ये. तर तू म्हणालीस, "उभ्या माणसाला सगळ्या वाटा सपाटच दिसतात, मू. तुझ्या डोळ्यांचा मला काय उपयोग?" आणि फोन ठेवलास.

मी रागावले नाही. म्हणजे संध्याकाळपर्यंत रागावले होते, मग जेवले. जेवल्यावर मला, मी विद्यापीठात शिकवते त्या संस्कृत न्यायशास्त्राची आठवण झाली. एखादी गोष्ट खरी मानायची तर प्रमाण हवं: प्रत्यक्ष, अनुमान किंवा शब्द. माझ्या शब्दाला तुझ्या दरबारात किंमत नाही, हे मी लहानपणापासून जाणते. अनुमान तुला खपत नाही. उरलं प्रत्यक्ष. उभ्या बाईचे डोळे चालत नसतील तर बसलेल्या बाईचे नेऊ. एका शनिवारी मी तुझ्या मेव्हण्याला, वीरशक्तीला, घेऊन तळ्याच्या कार्यालयात गेले आणि तिथली चाकांची खुर्ची मागितली. पाठीवर पांढऱ्या रंगात चारशे सात असा सरकारी क्रमांक होता. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "कुणाला हवी?" मी म्हटलं, "मला." त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, पण विचारलं नाही. सभ्यता ही आपल्याकडे अशी कधीकधी अडचण करते. मी खुर्चीत बसले आणि स्वतःला नियम घातला: वाट संपेपर्यंत उठायचं नाही. काहीही झालं तरी.

वीरशक्तीने ढकलायला सुरुवात केली. त्याच्या नावात वीरही आहे आणि शक्तीही, पण पहिल्याच चढावर दोन्ही संपली. "मू, तू जरा उतर, वर गेल्यावर पुन्हा बस," असं तो कानाशी येऊन म्हणाला. मी म्हटलं, "कोपताई उतरणार आहे का?" मग पुन्हा ढकलू लागला. त्या चढापासून मला कळलं की मी नाहीशी झाले आहे. लोक माझ्या डोक्यावरून त्याच्याशी बोलत. "हिला काय झालंय हो?" "तिखट चालतं का हिला?" तळलेली केळी विकणाऱ्या चुआनमावशीशी मी गेली दहा वर्षं उधारी-उसनवारीशिवायचं एकमेव नातं टिकवून आहे, पण मोठी टोपी आणि खुर्ची यांत तिने मला ओळखलं नाही. वीरशक्तीच्या हातात केळ्यांची पुडी ठेवून म्हणाली, "भरव तिला. गरीब बिचारी. मागच्या जन्मीचं असतं हे सगळं." मी म्हटलं, "मावशी, मागच्या जन्मी मी संस्कृत शिकवत होते, त्याचं हे फळ." ती वीरशक्तीला म्हणाली, "बोलते वाटतं छान!" ताई, तेव्हा मला विहारातली ती सकाळ समजली. उत्तर होतं तुझ्याकडे. ऐकायला समोर कुणी नव्हतं.

आता वाटेचा अहवाल. तू खेळाची बाई आहेस, तुला मैदानाची पाहणी आधी लागते. फळ्या रुंद आहेत, समोरून दुसरी खुर्ची आली तरी दोघी एकमेकींना शिव्या न देता जातील. फटींत चाक अडकत नाही. सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटणाऱ्या त्या झाडांमधून जाताना सावली आहे, पुढे कमळांत नाही, टोपी लागेल. तिसऱ्या वळणावर एक फळी वर आली होती, तिथे माझे दात एकमेकांवर आपटले. संडासाचं दार आत उघडतं, म्हणजे खुर्ची आत घेतली की दार लागत नाही आणि दार लावायचं तर खुर्ची बाहेर. ज्याने ते दार बसवलं त्याला त्याच खुर्चीत बसवून आत ठेवावं, असं मी कार्यालयात जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "वर कळवतो." आणि सगळ्यात मोठी गोष्ट कठड्याची. त्याची वरची दांडी बरोबर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येते. वाट झाल्यापासून मी रोज त्या कठड्यावर कोपर टेकून पक्षी बघते आहे, आणि मला हे कधी दिसलंच नाही. खुर्चीतून अर्धं तळं म्हणजे एक दांडी होती. मी वीरशक्तीला म्हटलं, ताईचं बरोबर आहे. तो म्हणाला, "हे तिला कळवू नकोस, डोक्यावर बसेल." तरी कळवते आहे.

पण दोन ठिकाणी कठडा मुद्दाम बुटका ठेवला आहे, त्यांतल्या दुसऱ्या ठिकाणी मी बराच वेळ थांबले. तिथे पाणी अगदी जवळ येतं. म्हशी पोहत होत्या, नुसत्या नाकपुड्या आणि शिंगं वर, एखाद्या बैठकीला उशिरा पोहोचणाऱ्या अधिकाऱ्यांसारख्या निवांत. जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यांची मुळं उपटून पायात धरून खात होत्या. आणि माझ्यासमोरच्या कमळपानावर एक कमळपक्षी उभा होता, त्याला सहा पाय होते. मी चष्मा पुसला. तरी सहा. लांब बोटांचे, लोंबणारे. मग त्याने पंख जरा सैल केले आणि पंखांखालून दोन पिल्लं पानावर घसरली. बाप त्यांना काखेत धरून नेत होता, पाय तेवढे बाहेर राहिले होते. वीरशक्ती माझ्यामागे उभा होता, त्याला वरून फक्त पक्ष्याची पाठ दिसली. "कुठे? कुठे?" करत राहिला. शेवटी फळ्यांवर गुडघे टेकून बसला तेव्हा त्याला दिसलं. ताई, मी या तळ्याच्या काठी जन्मले आणि हे मला खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा दिसलं. तुला खूश करायला मी खोटं बोलत नाही. तुला खूश करायचा प्रयत्न मी फार पूर्वी सोडला आहे.

तिथून वाट पलीकडच्या काठाला लागते आणि तखियानच्या झाडाखाली संपते. झाड तुला माहीत आहे. आपल्या लहानपणी त्याला एकच फडकं बांधलेलं असायचं. आता बुंधा रंगीत कापडांत दिसेनासा झाला आहे, फांद्यांना रेशमी कपडे टांगलेत, समोर लाल सरबताच्या बाटल्यांची पलटण. झाडात राहणाऱ्या बाईसाहेब लॉटरीचे आकडे देतात ना! सोडतीच्या आधीचे दिवस होते, त्यामुळे पावडर चोळून सालीत आकडे शोधणारी मंडळी जमलेली होती. वाट संपायला थोडंच अंतर उरलं होतं. माझा नियम अभंग होता. मी वीरशक्तीकडे वळून काहीतरी गर्वाचं बोलत होते, तेवढ्यात माझ्या पायाला काहीतरी थंड लागलं. खाली पाहिलं तर पाय ठेवायच्या पट्टीखालून घोरपड डोकं काढत होती. चांगली पुरुषभर लांब. आपल्या बोलीत जिचं खरं नाव म्हणजे शिवी, म्हणून सभ्य घरात घेत नाहीत ती. पुढचं मला आठवत नाही, पण प्रत्यक्षदर्शी भरपूर आहेत. मी किंचाळले, उठले, धावले आणि थेट झाडाला जाऊन मिठी मारली.

मग चुआनमावशी, जी केळ्यांची परात घेऊन तिथवर आली होती, तिने आरोळी ठोकली. "उठली! लुळी बाई उठली! सोनंचांदी पायाला शिवली आणि उठली!" (नाव घ्यायचं टाळायला त्या जनावराला सोनंचांदी म्हणायचं, आणि मग ते दिसलं की लक्ष्मी आली म्हणून नाचायचं. ही आपली जमात!) माणसं धावत आली. मला वाटलं, माझ्याकडे येताहेत. ती माझ्याजवळून निघून गेली, खुर्चीकडे. पाठीवरचा आकडा पाहायला. "चारशे सात! लिही लिही, चारशे सात!" मी ओरडले, "अहो, मी धडधाकट आहे! मी आधीपासून चालते! विद्यापीठात शिकवते मी!" चुआनमावशी डोळे पुसत म्हणाली, "बघा, आजारपणसुद्धा आठवत नाही तिला. इतकं बरं केलं!" कुणीतरी वीरशक्तीला विचारलं, किती काळ होती हो अशी? तो बिचारा खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "सकाळपासून." पुढच्या तोंडी ते जन्मापासून झालं. आमच्या तर्कशास्त्रात धुरावरून अग्नी ओळखतात. इथे रिकाम्या खुर्चीवरून देव ओळखला. अनुमान म्हणून निर्दोष होतं, मी परीक्षक असते तर पूर्ण गुण दिले असते.

हे इथेच थांबलं असतं. पण सोळा तारखेला सोडत निघाली आणि शेवटचे दोन आकडे शून्य-सात आले. तुला आपले लोक माहीत आहेत, पुढचं काय सांगू? झाडाभोवतीच्या सगळ्यांना थोडंथोडं लागलं. ती खुर्ची आता झाडाखाली हार घालून ठेवली आहे, तिच्यावर बसायला बंदी आहे. म्हणजे चालता न येणाऱ्यांसाठी असलेली एकमेव खुर्ची देवाला गेली. मी कार्यालयात भांडायला गेले, तर ते म्हणाले, "बाई, श्रद्धेचा प्रश्न आहे." मग नवस फेडायची वेळ आली. बाईसाहेबांना काय आवडतं यावर बरीच मतं पडली. चुआनमावशीचाच शब्द शेवटचा ठरला, कारण सगळ्यात आधी ओरडली ती. "बाईसाहेबांना चाकांच्या खुर्च्या आवडतात. दिसत नाही का?" झालं. लोकांनी कार्यालयात नव्या खुर्च्या आणून दिल्या, चांगल्या, मऊ बैठकीच्या. मी संधी साधून कानात सांगितलं की बाईसाहेबांना सपाट फळ्याही आवडतात, बुटके कठडेही आणि बाहेर उघडणारी दारंही. तिसऱ्या वळणावरची फळी बदलली. कठडा अर्ध्या वाटेवर खाली आला. संडासाचं दार बाहेर उघडतं आणि त्यावर देणगीदाराचं नाव सोनेरी अक्षरांत आहे. सरकारला वर कळवून जे झालं नसतं ते एका घोरपडीने केलं.

इथपर्यंत मी हसत होते. मग आजारी माणसं यायला लागली. मागच्या आठवड्यात त्रांगहून एक म्हातारा आला, मुलांनी पाठीवर घेऊन आणला होता. पांढराशुभ्र सदरा, केस विंचरलेले, लग्नाला निघाल्यासारखा. झाडासमोर चटईवर त्याला बसवलं. सकाळपासून उन्हं डोक्यावर येईतो तो बसला होता. मग म्हणाला, "अंगठा हलल्यासारखा वाटतो." त्याने मुलांकडे पाहिलं. मुलांनी पाण्याकडे पाहिलं. मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं, ती बाई मीच, घोरपडीला भ्यायले, वगैरे. तो ऐकून घेत होता. मग माझा हात थोपटून म्हणाला, "ठीक आहे पोरी. पण तू पळालीस तर खरी." ताई, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि माझं जेवण जात नाही म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको.

आता तू विचारशील, हे सगळं रामायण फोनवर न सांगता पाकिटात घालून का पाठवलं? कारण तुझा फोन आई आधी उचलते, आणि पत्रं मात्र तूच उघडतेस. ही बातमी, कुणीतरी काढलेल्या फोटोसकट, हाटयाईच्या बाजारात पोहोचली आहे. परवा आईने मला फोन केला, आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीत तू असणार. तुझ्या पायांसाठी ती नवस बोलली आहे. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी गाडी ठरवली आहे, उकडलेलं डुकराचं डोकं सांगितलं आहे (यात माझा उल्लेख नाही असं मी धरून चालते), नवसाचा मनोरा नाच करणारी मंडळी ठरवली आहे. तुला सांगणार आहे की तळ्यावर जेवायला जाऊ. "तिला अक्षर बोलू नकोस," म्हणाली, "आधी कळलं तर यायची नाही." मी म्हटलं, "आई, ती बाई मी होते." म्हणाली, "तू कशाला असशील? तुझे पाय तर ठणठणीत आहेत." "म्हणून तर उठले!" "मी फोटो पाहिलाय मू. ती बाई तुझ्यापेक्षा बारीक आहे." यापुढे माझी सगळी प्रमाणं संपली. तुला मात्र माहीत असायला हवं. त्या झाडासमोर तुला बसवतील, ढोल थांबेल आणि आपली आई तुझ्या पायांकडे बघेल, हे तुला तिथे पोहोचून कळायला नको. ही बातमी तुझ्याही कानावर आली असेल आणि कुठेतरी आत क्षणभर 'कोण जाणे' म्हणून उजेड पडला असेल, तर तो मी विझवते आहे. तू नको म्हणालीस तर आईला मी सांभाळीन, तो माझा शब्द. पण माझं ऐकशील तर ये. शनिवारीच आम्ही गाडी घेऊन येतो, तुला आणि आईला दोघींनाही इकडे आणतो. रविवारी मनोरावाले तोंडं रंगवत असतील तोवर आपण दोघी अख्खी वाट फिरून येऊ, ढकलायला वीरशक्ती आहे, त्याने सराव केला आहे. लोक तुझ्या डोक्यावरून बोलतील. मी तुझ्या शेजारी दुसऱ्या खुर्चीत बसेन, माझी चाकं मीच फिरवीन, मग बोलू देत दोघींच्या डोक्यांवरून. मग झाडाकडे जाऊ. आईला उदबत्ती लावू दे, नाच होऊ दे. दोन वर्षं तिने तुझं सगळं एकटीने केलं आहे, तिला एक झाड लागतं. आणि ती तुझ्याकडे बघेल तेव्हा तिचा हात धर आणि खुशाल बसून राहा. उठून दाखवायचं काम घरातल्या एकीने केलेलं आहे, तेवढं पुरे.

तुझीच, फोटोतल्यापेक्षा जाड,
मू